थरथरते ते काय?

शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास बहुधा पोरका असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला द्यावा, पाहुणे यायचे असले की स्वागतगीताला द्यावा, आणि त्यातूनही उरलाच तर मुलांनी तो हाताची घडी घालून काढावा, अशी एकंदर रीत. इगतपुरीच्या एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस हा पोरका तास सांभाळण्याचे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. मी त्या शाळेची नोकरदार नव्हे. पेठेत आमचे किराण्याचे दुकान आहे. विवाहापूर्वी गांधर्व महाविद्यालयाच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर वीस वर्षे पेटी माळ्यावर होती. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, आणि घरातून कोणी ना म्हटले नाही, एवढाच या कामाचा इतिहास.

मागील वर्षी शाळेने ठरविले की सहावी ते आठवीच्या मुलांना जगातील निरनिराळ्या संगीताची आणि वाद्यांची ओळख करून द्यावी. कल्पना उत्तम होती. त्यासाठी एक मोठा रंगीत तक्ता आणला गेला. त्यावर चोवीस वाद्यांची चित्रे, खाली वाद्याचे नाव, त्याखाली देशाचे नाव. दोन तासांत मुलांनी तो पाठ केला. बॅगपाइप स्कॉटलंडचा, डिजेरिडू ऑस्ट्रेलियाचा, शेंग चीनचा. देश आणि त्यांच्या राजधान्या पाठ कराव्यात तसे ते पाठांतर होते, आणि त्यात आवाज कोठेच नव्हता. एकाही मुलाने विचारले नाही की हे वाजते कसे. त्या दिवशी घरी येताना वाटले, किराणा मालाची यादी घोकून कोणाला मिरचीचा तिखटपणा कळत नाही.

तसे पाहिले तर इगतपुरीला जग नवे नाही. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली आणि हे गाव घाटमाथ्यावरचे मोठे ठाणे झाले. सदतिसास एक असा त्या लोहमार्गाचा चढ. कसाऱ्याहून गाडी वर चढविण्यासाठी मागून जादा इंजिने लावावी लागतात, त्यांच्या भोंग्यावर आमच्या गावातील मुले घड्याळ लावतात. रेल्वेबरोबर पारशी आले, इंग्रज आले, दक्षिणेतील कुटुंबे आली, आणि आमच्यासारखी मारवाडातून निघालेली दुकानदार घराणीही आली. १९७६ पासून धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे भरतात, त्यासाठी जगाच्या पाठीवरील माणसे आमच्या स्टेशनावर उतरतात. मात्र ती येतात मौन पाळण्यासाठी. शिबिरात वाद्य वाजविण्यास मनाई असते. त्यामुळे इगतपुरीच्या मुलांनी जपानी माणूस पाहिलेला असतो, पण जपानी सूर ऐकलेला नसतो. मला ही गोष्ट नेहमी गमतीची वाटते. मौनाच्या बाबतीत हे गाव जगाचे माहेरघर आहे, आणि मी तेथे आवाजाचा तास घेते.

तक्ता मी भिंतीवरून काढला नाही, पण नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या. मुलांना एकच प्रश्न दिला : या वाद्यात थरथरते ते काय? तार थरथरते, की ताणलेले कातडे, की आतली हवा, की वाद्याचे अंगच?

हा प्रश्न माझ्या पदरचा नाही. नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आपल्या घरांतून जे ठाऊक नसते ते असे की स्थानांगसूत्राच्या चौथ्या स्थानातही वाद्ये चार प्रकारचीच सांगितली आहेत : तत, वितत, घन आणि झुसिर. चातुर्मासात ज्या आगमांची नावे आपण कानावरून जाऊ देतो, त्यांत वीणा, पटह, कांस्यताल आणि बासरी यांची अशी नीट वर्गवारी केलेली आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात तर भगवान ऋषभदेव आपल्या अपत्यांना विद्या वाटून देतात तेव्हा ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक आणि वृषभसेनाला गांधर्वशास्त्र मिळते. लिपी आणि अंक यांच्या पंगतीला संगीत! इगतपुरीजवळ त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी जे जैन लेणे आहे त्यात ऋषभदेवांची भग्न मूर्ती आहे. शाळेची सहल तेथे गेली असता मी मुलांना हे सांगितले. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांनाही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने सांगितले.

या चार वर्गांचा पुढचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. कोलकात्याचे सौरींद्रमोहन ठाकूर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला शंभराच्या आसपास भारतीय वाद्ये भेट पाठविली. ती ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात गेली. तेथील पहिले संग्रहपाल माहियों यांच्यापुढे प्रश्न होता की जगभरची वाद्ये कोणत्या क्रमाने मांडावीत. युरोपातील वाद्यवृंदाची विभागणी त्या सर्वांना पुरेना. त्यांनी भारतीय चार वर्गांचा आधार घेतला. त्यावरून १९१४ साली हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स या दोन विद्वानांनी जी पद्धती रचली, ती आज जगातील बहुतेक संग्रहालये वापरतात. विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा पाचवा वर्ग पुढे जोडला गेला. आमच्या वर्गातील मुलांनी कॅसिओ कोठे बसवायचा यावर बराच वाद घातला आणि शेवटी तेही पाचव्या वर्गावरच येऊन थांबले, हे मला फार आवडले.

प्रश्न साधा असला तरी त्याने वर्गाची घडी बदलली. पेटी आणि पियानो यांच्या पट्ट्या सारख्या दिसतात, म्हणून मुलांनी ती सख्खी भावंडे मानली होती. पेटीचे झाकण उघडून दाखविले तेव्हा कळले की पियानोत तार थरथरते, तर पेटीत वाऱ्याने पितळेची पट्टी थरथरते. मग पेटीचे नाते माउथ ऑर्गनशी निघाले आणि त्याच्यामागे चीनच्या शेंगशी, ज्यात बांबूच्या नळ्यांच्या तळाशी तशाच पट्ट्या असतात. अठराव्या शतकात शेंग युरोपात पोहोचला, तेथील कारागिरांनी पट्टीची युक्ती उचलली, आणि १८४२ मध्ये पॅरिसच्या देबें यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर तो पायपेटीच्या रूपाने भारतात आला. कोलकात्यात त्याला हाताचा भाता बसला, पाय सुटले, आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या समोर तो येऊन बसला. मराठी संगीत नाटकाने त्याला घरोघर नेले. १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने त्याला परदेशी आणि मींड न काढणारा म्हणून दाराबाहेर ठेवले. पण तोवर तो मंदिरात, भजनात आणि आपल्या स्नात्रपूजेत इतका मुरला होता की त्याला परका म्हणणारेच परके वाटू लागले.

आणि वाचकहो, त्या पितळी पट्ट्या बनतात कोठे? पालिताण्यात. शत्रुंजयाची यात्रा आपल्यापैकी बहुतेकांनी केली असेल. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून, दादांचे दर्शन घेऊन आपण खाली येतो, धर्मशाळेत पाय चेपतो आणि गाडी पकडतो. त्याच गावातील कारागीर पिढ्यान् पिढ्या पेटीचे सूर घासून तयार करतात आणि पालिताण्याचे सूर म्हणून पेटी करणाऱ्यांच्या बाजारात त्यांना मान आहे, हे मला स्वतःला चौथ्या यात्रेत समजले. पितळेची पट्टी टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर केवढी मोठी ही उलाढाल आहे! युक्ती चीनची, पेटंट फ्रान्सचे, भाता बंगालचा, सूर पालिताण्याचा, आणि गिऱ्हाईक साऱ्या हिंदुस्थानचे.

आमच्याकडे हळदीला आणि गणपतीला जो ‘बेंजो’ वाजतो त्याचीही कथा अशीच आहे. बँजो हे नाव अमेरिकेचे, आणि तेथे ते वाद्य गेले आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर. पण आपला बेंजो म्हणजे खरे तर बुलबुल तरंग. त्याचा मूळ सांगाडा १९१२ साली जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतोचा. मालावरचे नाव एका देशाचे आणि माल दुसऱ्या देशाचा, हे आपल्या पेठेला काही नवीन नाही.

जून लागला आणि इगतपुरीचा पाऊस सुरू झाला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात तबला शिकविणे म्हणजे एक परीक्षाच असते. हवेतील ओलीने पुडी सैल पडते. गट्टे ठोकून स्वरात आणावी तो दहा मिनिटांत पुन्हा उतरते. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. चार महिने शाळेत नीट वाजणारी वस्तू म्हणजे झांजा, घंटा आणि छपराचा पत्रा. तेव्हा ठरविले की पावसाळा घन वाद्यांना द्यावा.

येथे मी मुलांना त्रिनिदादची गोष्ट सांगितली. वेस्ट इंडीजमधील त्या बेटावर आफ्रिकी वंशाचे लोक कातड्याचे ढोल वाजवून मिरवणूक काढीत. १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने दंग्याच्या भयाने त्या ढोलांवर बंदी घातली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, रंगाचे डबे आले, आणि १९४० च्या सुमारास खनिज तेलाची रिकामी पिंपे आली. पिंपाचा तळ हातोडीने वाटीसारखा खोल ठोकून, त्यात स्वरांच्या जागा उठवून त्यांनी स्टीलपॅन हे वाद्य घडविले. ते आज त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य आहे. त्याच बेटावर ताशाही वाजतो. १८४५ च्या मे महिन्यात भारतातून मजूर नेणारे पहिले जहाज तेथे लागले, आणि त्यानंतर गेलेल्या माणसांबरोबर तो गेला. ते त्याला आजही ‘तासा’ म्हणतात. आमच्या गल्लीतील ताशाचा भाऊबंद समुद्रापलीकडे दीडशे वर्षे नांदतो आहे, हे ऐकून ढोलपथकात जाणारी आठवीतील मुले जरा ताठ बसली.

यजमानांकडे मी पंधरा किलोचे बारा रिकामे डबे मागितले. रिकाम्या डब्यालाही भाव असतो आणि तो आमच्या घरातील लहान मुलालाही पाठ असतो. तरीही डबे मिळाले. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून कडा दुमडून घेतल्या. मुलांनी तळ ठोकून पाहिले. पंधरा दिवसांत त्यांना हे उमगले की वेगळा पडलेला भाग लहान असेल तर स्वर उंच लागतो, मोठा असेल तर खाली जातो. आणि हेही उमगले की डब्याचा पत्रा पिंपाच्या मानाने फारच पातळ असतो. धड तीन स्वर लागले. पण ते तीन स्वर मुलांनी स्वतः काढले होते, आणि बाहेर पाऊस असा होता की चौथा ऐकूही आला नसता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे येते.

‘थरथरते ते काय’ असे विचारले की दुसऱ्या वर्गात उत्तर येते : कातडे. आणि मग पुढचा प्रश्न अटळ असतो, कोणाचे? मी मुलांना सरळ सांगते. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते, तिला ताणणारी वादीही चामड्याची. सारंगीवर कातडे असते आणि तिच्या तारा आतड्यांच्या असत. युरोपात व्हायोलिनच्या ताराही मेंढीच्या आतड्यांपासून करीत, आणि पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत बसवीत. मिरजेचा तंबोरा लाकडाचा आणि भोपळ्याचा असतो, पण त्याच्या घोडीला शिंग वा हाड लागत आले आहे. आपल्या समाजातील एका पालकांनी मला सुचविले की मुलांना एवढे कशाला सांगावे, त्यांचे मन विटेल. मला ते पटले नाही. ज्या मुलाला आपण पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून बिस्कीट घ्यावयास शिकवितो, त्याच्यापासून पुडीचे कूळ का लपवावे?

माझी मुलगी सातवीत आहे आणि तिला ढोलकीचे वेड आहे. हाताला लयही उपजत आहे. हे मी आई म्हणून नव्हे, बाई म्हणून सांगते. आमच्या घरात सासूबाईंच्या नियमाने चामड्याची वस्तू येत नाही. पट्टा नाही, पाकीट नाही, चप्पलही नाही. त्यामुळे ढोलकी शाळेतच राहते. पर्युषणाच्या आधी एका संध्याकाळी मुलीने दादींना विचारले, “मंडळाच्या भक्तीत ढोलक वाजते, तुम्ही टाळ्या वाजवता. ऐकायला चालते आणि वाजवायला चालत नाही, हे कसे?”

मला वाटले, मुलीला उलट बोलल्याबद्दल रागे भरतील. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचे वय एक्याऐंशी, शिक्षण चौथीपर्यंत, पण प्रतिक्रमण अर्थासह पाठ. दोन दिवसांनी सामायिक आटोपल्यावर त्यांनी नातीला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, “तू बरोबर विचारलेस. करणे, करविणे आणि करणाऱ्याला चांगले म्हणणे, या तिन्हींत वाटा असतो. ऐकून टाळी वाजविणारी मीही त्यातलीच.” पुढच्या गुरुवारी त्यांनी भजनमंडळात जाहीर केले की त्या बसतील तेव्हा ढोलक नको, झांजा आणि मंजिरीवर भक्ती होईल.

मंडळात यावरून बराच खळखळाट झाला. पन्नास वर्षांची रीत, देवळातले नगारे, पुराणांतील दुंदुभी, सगळे दाखले निघाले. एका काकूंनी विचारले की मेलेल्या जनावराचे कातडे असेल तर? दुसऱ्यांनी प्लास्टिकच्या पुडीची ढोलक आणावी असे सुचविले. ती सूचना वाईट नव्हती. पॉलिएस्टरची पुडी अमेरिकेत १९५७ साली बाजारात आली आणि आज तेथील बहुतेक ड्रमांवर तीच असते. आपल्याकडे ताशालाही ती चढली, आणि दक्षिणेत कृत्रिम पुडीचा मृदंगही तयार झाला आहे. मंडळाने तशी ढोलक आणली. तिच्यावर घुमारा येत नाही, बायाचा जो भरदार ‘घे’ कानाला हवा असतो तो येत नाही, पण पावसाळ्यात ती उतरत नाही, हा इगतपुरीत मोठाच गुण. सासूबाई आता त्या ढोलकीला मान हलवितात.

माझ्या मुलीचे मात्र त्याने समाधान झालेले नाही. तिच्या बोटांना खरी पुडी ठाऊक आहे. ती शाळेत चामड्याची ढोलकी वाजविते, घरी येऊन हात धुते आणि दादींच्या शेजारी जेवावयास बसते. दोघींपैकी कोणीही तो विषय काढीत नाही. मी दोघींच्या मध्ये बसून वाढते. काय बोलावे हे मला सुचत नाही, आणि खरे सांगावयाचे तर दोघींपैकी एकीने दुसरीचे ऐकावे असेही मला वाटत नाही.

याच सुमारास सातवीतील एक मुलगा तक्त्यापुढे उभा राहून बॅगपाइपच्या चित्राकडे बराच वेळ पाहत होता. तो महादेव कोळी समाजातील, एका पाड्यावरचा, वर्गात फारसे न बोलणारा. म्हणाला, “बाई, असे मामाकडे आहे. पण पिशवीच्या जागी भोपळा.” त्याच्या मामाचे गाव खोडाळ्याच्या पलीकडे, मोखाड्याच्या बाजूला. तो तारपा सांगत होता. वारली चित्रांतून आपण सर्वांनी तारपा पाहिलेला असतो. मध्ये वाकून वाजविणारा एक आणि भोवती शंखाच्या वळशासारखी नाचणाऱ्यांची साखळी. आपल्या दिवाणखान्यांत ते चित्र टांगलेले असते, चहाच्या कपांवरही असते. त्यातून आवाज कसला येत असेल, असे कोणाच्या मनात येत नाही.

दिवाळीनंतर मामा शाळेत आले. भात तयार झाल्यापासूनचा हंगाम तारप्याचा असतो, त्यामुळे वाद्य वाजते होते. वाळलेला लांबट भोपळा, त्यात खोवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या मुळाशी भोपळ्यात लपलेल्या जिव्हाळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला मोठा कर्णा, जो पार जमिनीकडे झुकलेला. मामांनी ओठ लावले आणि वीस मिनिटे आवाज तुटला नाही. बॅगपाइपात हवा पिशवीत साठवितात. मामा ती गालांत साठवीत होते आणि नाकाने श्वास घेत होते. एका नळीवर बोटे चालत, तेव्हा दुसरीचा स्वर खाली पसरलेला राही. मुले टाचणी पडावी एवढ्या शांततेत ऐकत होती. नंतर त्यांनी चित्रांच्या रांगेत तारप्याची जागा स्वतः ठरविली : सुषिर, बॅगपाइपच्या शेजारी, आणि गारुड्याच्या पुंगीच्या वरती. तक्त्यावर तारपा नव्हता, म्हणून त्या मुलाने पंचवीसावे चित्र काढून चिकटविले. नाव लिहिले, आणि खाली देशाच्या जागी आपल्या मामाच्या गावाचे नाव लिहिले.

पुढच्या पालकसभेत एका गृहस्थांनी हरकत घेतली. जागतिक संगीत शिकवू म्हणता आणि रानातले वाद्य आणता, असा त्यांचा सूर होता. सभा भरलेली होती. तो मुलगा दाराशी चपलांजवळ उभा होता. सभेत खुर्च्या लावावयास त्याच्या वर्गाला थांबविले होते. मी एवढेच म्हटले की माझ्या हातात एकच तराजू आहे, थरथरते ते काय, आणि त्यात पियानो आणि तारपा यांचे वजन मी वेगळ्या मापाने करणार नाही. आमच्या दुकानात तसे माप चालत नाही, तर वर्गात कसे चालेल? गृहस्थ व्यापारी होते. पुढे बोलले नाहीत. मुलगा मात्र निघून गेला होता, त्याने माझे उत्तर ऐकले की केवळ हरकतच ऐकली, हे मला आजतागायत कळलेले नाही. पुढचे दोन तास तो आला नाही. तिसऱ्या तासाला आला तेव्हा त्याच्या खिशात कागदाची पुडी होती, आणि तीत भोपळ्याच्या बिया. मामांनी शाळेसाठी दिल्या होत्या.

सासूबाईंना मी तारप्याची हकीकत सांगितली. भोपळा, बांबू, ताडाचे पान; कातडे कोठेच नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी विचारले, “जोड कशाने बसवतात?” मी म्हटले, मेणाने. “कशाचे मेण?” पोळ्याचे. त्या गप्प झाल्या. मध आपण का वर्ज्य मानतो हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. मामांना दोष देण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. त्या आठवडाभर आपल्याच विचारात होत्या.

बिया मागील पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी लावल्या. वेल चांगला चढला, सात भोपळे धरले. त्यांतले तीन वानरांनी फोडले, दोन कुजले, दोन आता माझ्या वर्गाच्या खिडकीत उन्हाला टांगले आहेत. हलविले की आत बिया वाजतात. मुले म्हणतात, सध्या हे घन वाद्य आहे, सुषिर व्हायचे आहे. ताडाची पाने मामा आणणार आहेत, कारण आमच्याकडे ताड सहजी मिळत नाही. माझी मुलगी नळ्यांसाठी बांबूची पेरे निवडण्यात त्या मुलाच्या बरोबर असते. ढोलकी तिने सोडलेली नाही.

परवा सासूबाई काठी टेकीत दुकानात आल्या आणि त्यांनी यजमानांकडून पावशेर राळ बांधून घेतली. ती झाडाची असते, लाखेसारखी किड्याची नव्हे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. पुडी माझ्या हाती देत म्हणाल्या, “तापवून, थोडे तेल घालून जोडाला लावून बघा म्हणावे. मेणासारखी बसली तर बसली.” मी मामांना निरोप पाठविला. त्यांचे उत्तर आले की राळ वाळल्यावर तडकते, जोडातून वारा जाईल. तरी पुडी ठेवा, वैशाखात येतो तेव्हा करून पाहू.